वेग बदलताना काय सांभाळायचं?

डीसी शंट मोटारीचं प्रॅक्टिकल डिप्लोमाच्या मुलांना नको असतं. दोन ऱ्हिओस्टॅट, एक थ्री-पॉइंट स्टार्टर, टॅकोमीटर आणि जर्नलमध्ये दोन आलेख. कारखान्यांत जिकडेतिकडे व्हीएफडी, म्हणजे फ्रिक्वेन्सी बदलून वेग बदलणारे ड्राइव्ह, बसलेले असताना हे जुनं धूड कशाला, असं दर वर्षी कुणीतरी विचारतंच. मी मशीन लॅबमध्ये शिकवतो आणि माझं मत पक्कं आहे : ड्राइव्ह शिकायचा तर सुरुवात इथूनच करावी. वेग बदलताना खरी काळजी मोटारीतल्या चुंबकक्षेत्राची घ्यावी लागते, आणि या मोटारीत ते क्षेत्र वेगळ्या तारेवर, वेगळ्या अ‍ॅमीटरवर डोळ्यांनी दिसतं.

फील्डचा ऱ्हिओस्टॅट शून्यावर ठेवायचा, स्टार्टरचं हँडल एकेका स्टडवरून सावकाश सरकवायचं. शेवटच्या स्टडवर नो-व्होल्ट कॉइल त्याला धरून ठेवते. आर्मेचरचं व्होल्टेज उतरवलं की वेग जवळपास त्याच प्रमाणात उतरतो. आलेख सरळ रेषेत येतो, मुलं खूश. मग फील्डचा करंट कमी करायला सांगतो. वेग वाढतो, आणि मुलं थबकतात. कमी दिलं तर जास्त कसं मिळालं? फिरणारं आर्मेचर सप्लायच्या विरुद्ध स्वतःचं व्होल्टेज तयार करत असतं. क्षेत्र दुबळं झालं की तेवढंच व्होल्टेज तयार करायला त्याला जास्त वेगाने फिरावं लागतं. 1500 आरपीएमची मोटार त्याच्या वर जाते. फुकट मात्र काही मिळत नाही. तेवढ्याच आर्मेचर करंटला टॉर्क आता कमी मिळतो. ब्रेक ड्रमवरचा पट्टा आवळला की स्प्रिंग बॅलन्सवर ते लगेच कळतं.

या प्रॅक्टिकलमध्ये मी एका क्षणाची वाट पाहत असतो. कुणीतरी फील्डचा ऱ्हिओस्टॅट जरा जास्तच पुढे नेतो आणि खट् आवाज करत स्टार्टरचं हँडल स्प्रिंगने मागे येतं. मोटार थांबते. सप्लाय गेलेला नसतो, फ्यूजही शाबूत असतो. थ्री-पॉइंट स्टार्टरची कॉइल फील्डच्याच सर्किटमध्ये, सिरीजमध्ये जोडलेली असते. फील्डचा करंट घटला की तिची पकड सुटते. ही जोडणी मुद्दाम केलेली आहे, कारण चालू मोटारीचं फील्ड तुटलं तर ती बेफाम पळत सुटते आणि वाइंडिंग उखडेपर्यंत जाऊ शकते. जिथे फील्डनेच वेग बदलायचा असतो तिथे फोर-पॉइंट स्टार्टर लावतात. त्यात कॉइल थेट सप्लायवर असते, पण मग फील्ड तुटण्यापासूनचं संरक्षण वेगळं द्यावं लागतं. ते खट् एकदा कानांनी ऐकलेल्या मुलाला फील्डचं महत्त्व पुन्हा समजावावं लागत नाही. स्क्रीनवरच्या सिम्युलेशनने हे काम होत नाही, असा माझा अनुभव आहे.

इंडक्शन मोटारीत फील्डची वेगळी तार नसते, आणि अडचण तिथेच आहे. चार पोल, 50 हर्ट्झ म्हणजे फिरतं क्षेत्र मिनिटाला 1500 फेरे घेणार आणि रोटर थोडा मागे राहून 1440 च्या आसपास. फ्रिक्वेन्सी बदलली तरच वेग नीट बदलतो. व्हीएफडी 415 व्होल्ट एसीचं सुमारे 587 व्होल्ट डीसी करतो आणि आयजीबीटींनी त्याचे तुकडे पाडून हवी ती फ्रिक्वेन्सी घडवतो. पण 25 हर्ट्झला व्होल्टेज 415 च ठेवलं, तर क्षेत्र दुप्पट व्हायला बघेल, लोखंड सॅच्युरेट होईल आणि करंट भडकेल. म्हणून व्होल्टेजही निम्मं करायचं. दर हर्ट्झला 8.3 व्होल्ट हे गुणोत्तर राखायचं, म्हणजे क्षेत्र कायम राहतं.

खालच्या वेगाला हे गणित तोकडं पडतं. 5 हर्ट्झला वाट्याला येतात जेमतेम 41 व्होल्ट, आणि त्यातला बराच हिस्सा वाइंडिंगच्या रेझिस्टन्सवरच खर्च होतो. क्षेत्र दुबळं होतं. पट्टा आवळला की मोटार कण्हते आणि अडते. टॉर्क बूस्टचं पॅरामीटर थोडं वाढवलं की तीच मोटार भार घेऊन हलते. फार वाढवलं, तर मोकळी फिरतानाही तापते.

ड्राइव्हमध्ये मोटार थांबवण्याची वेळ दहा सेकंदांवरून दोनवर आणली की डिस्प्लेवर ओव्हरव्होल्टेज झळकतं. फ्रिक्वेन्सी झपकन खाली येते, रोटर क्षेत्राच्या पुढे धावतो आणि मोटार जनित्र बनून वीज परत पाठवते. ड्राइव्हमधल्या कपॅसिटरवरचं व्होल्टेज आठशेच्या आसपास चढलं की ड्राइव्ह ट्रिप होतो. ब्रेक रेझिस्टर जोडला तर ती वीज उष्णता होऊन जाते. मुंबईच्या लोकलमध्ये मात्र ती तारेत परत जाते. 3 फेब्रुवारी 1925 ला व्हीटी ते कुर्ला पहिली विजेची गाडी 1500 व्होल्ट डीसीवर धावली. जुन्या डीसी गाड्यांत वेग घेताना मोटारींच्या पुढे रेझिस्टन्स जोडावे लागत. 2016 पर्यंत उपनगरी मार्ग 25,000 व्होल्ट एसीवर आले. नव्या गाड्यांत थ्री-फेज इंडक्शन मोटारी आहेत. गाडी सुटताना टप्प्याटप्प्याने सूर बदलत जाणारा आवाज येतो, तो इन्व्हर्टरच्या स्विचिंगचा.

क्षेत्राला वेगळी तार नाही, ही अडचण 1970 च्या सुमारास जर्मनीत फेलिक्स ब्लाश्के यांच्या व्हेक्टर कंट्रोलने सोडवली. स्टेटरच्या एकाच करंटचे गणिताने दोन भाग पाडायचे : एक क्षेत्र उभं करणारा, दुसरा टॉर्क देणारा. म्हणजे शंट मोटारीतलं फील्ड आणि आर्मेचरच, फक्त प्रोसेसरमध्ये. आधी ऑटोट्यून लावतो. शाफ्ट हलत नाही, बारीक गुणगुण येते, तेवढ्यात ड्राइव्ह वाइंडिंगचा रेझिस्टन्स मोजून घेतो. मग पट्टा आवळत गेलं की डिस्प्लेवर टॉर्कचा करंट चढतो आणि मॅग्नेटायझिंग करंट जवळपास जागीच राहतो. ही दोन रीडिंग्ज मी शेजारी-शेजारी लिहायला लावतो.

एक गोष्ट मात्र पॅरामीटरने सुटत नाही. मोटारीचा पंखा तिच्याच शाफ्टवर असतो. 10 हर्ट्झला पूर्ण टॉर्क मिळत असला, तरी वारा नावालाच. काही वेळाने बॉडीवर हात ठेवता येत नाही. कमी वेगावर तासन्‌तास पूर्ण भार ओढणाऱ्या मोटारीला म्हणूनच वेगळा ब्लोअर बसवतात, आणि त्याचा सप्लाय ड्राइव्हच्या आधीच्या लाइनवरून घेतात.