पनीर मागितले, तर पनीरच मिळाले पाहिजे

मार्च 2025च्या अधिवेशनात आमदार विक्रम पाचपुते यांनी कृत्रिम पनीर थेट विधानसभेत आणून दाखवले. त्यानंतर छाप्यांच्या बातम्या वाचकांनी पुरेशा वाचल्या आहेत. छापे हवेतच, पण पनीरमधली खरी फसवणूक कारखान्यात होत नाही; ती दुकानाच्या काउंटरवर आणि हॉटेलच्या मेनूकार्डावर होते.

दूध पावडर आणि पामतेलासारखे वनस्पती तेल वापरून केलेला पनीरसारखा 'अ‍ॅनालॉग' बनवायला कायद्याची बंदी नाही. पाकिटावर तसे स्पष्ट लिहिले की तो रीतसर माल ठरतो. दुकानात पाकीट फुटते, वडी सुटी होते आणि तिचे नाव बदलते. हॉटेलात तर गिऱ्हाईक पाकीट कधी बघतच नाही. साध्या पनीरच्या कोरड्या अंशात किमान 50 टक्के फॅट हवे आणि तेही दुधाचेच, हा नियम तिथे कुणाच्या लक्षात येणार?

मोबाइलवर फिरणाऱ्या आयोडीनच्या चाचणीवर विसंबू नका. आयोडीनने पनीर निळे पडले, तर त्यात स्टार्च आहे एवढेच कळते. पामतेलाला आयोडीन पकडत नाही, त्यामुळे रंग बदलला नाही म्हणून निर्धास्त झालेले घर फसलेलेच राहते. प्रयोगशाळेकडे मात्र खात्रीचा मार्ग आहे. वनस्पती तेलात बीटा-सिटोस्टेरॉल असते, दुधाच्या फॅटमध्ये ते नसते. नमुन्यात ते सापडले की दुकानदाराच्या बोलण्याला अर्थ उरत नाही. सरकारने छाप्यांइतकाच पैसा या चाचणीच्या यंत्रांवर आणि ती चालवणाऱ्या विश्लेषकांवर खर्च करायला हवा.

कारण नमुना घेतल्यावर पुढची वाट लांबची आहे. अन्नसुरक्षा अधिकारी नमुन्याचे चार भाग करतो, विश्लेषकाला अहवालासाठी 14 दिवसांची मुदत असते, त्या अहवालावर 30 दिवसांत अपील करता येते. मग न्यायनिर्णय अधिकाऱ्यापुढे सुनावणी. माल तोवर केव्हाच खाऊन संपलेला असतो.

2006च्या अन्नसुरक्षा कायद्यात मिथ्याछापासाठी, म्हणजे खोट्या लेबलसाठी, 3 लाखांपर्यंत दंड आहे. गिऱ्हाइकाने मागितले एक आणि दिले दुसरेच, तर कलम 50 खाली 5 लाखांपर्यंत. अगदी छोट्या विक्रेत्याला किंवा फेरीवाल्याला ही मर्यादा 25 हजार. माझ्या मते अ‍ॅनालॉगच्या प्रत्येक प्रकरणात हे कलम 50 लावले पाहिजे, कारण पनीरचे पैसे मोजणाऱ्याची तक्रार नेमकी तीच आहे. मेनूकार्डावर 'अ‍ॅनालॉग' हा शब्द ठळक छापणेही सक्तीचे हवे.

आणि कलम 40 वाचकांनी स्वतः वापरावे. खरेदी करतानाच विक्रेत्याला तसे सांगून, शुल्क भरून, कोणीही गिऱ्हाईक नमुना विश्लेषकाकडे देऊ शकते. तेवढे जमले नाही, तरी पुढच्या वेळी पावती मागा आणि तिच्यावर 'पनीर' असे लिहून घ्या.