‘वॉव’ची कुळकथा

मुक्काम एडिंबरो.

कामशेतच्या डोंगरावरून पॅराग्लायडिंगची रंगीत छत्रे घेऊन शहरी पाहुणे वाऱ्यावर झेपावू लागले, तेव्हापासून आमच्या मावळातील गुराख्यांच्या कानांना एका इंग्रजी उद्गाराची पुरती सवय झालेली आहे. पाय जमिनीवरून सुटले आणि खाली भातखाचरे फिरू लागली, की वरून ‘वॉव’ अशी आरोळी येते; आणि हा शब्द म्हणजे अमेरिकन सिनेमाने आणलेले कालपरवाचे पोर, अशी माझीही इतकी वर्षे समजूत होती. ते पोर या स्कॉटलंडच्या मुलखातले निघाले, आणि वयाने पाचशे वर्षांपलीकडचे.

ऑक्सफर्डच्या बृहत्कोशाच्या दप्तरी त्याची पहिली नोंद १५१३ ची आहे. येथील हाय स्ट्रीटवरच्या, मुकुटाकार कळसाच्या सेंट जाइल्स देवालयाचा प्रमुख धर्माधिकारी गॅव्हिन डग्लस याने व्हर्जिलचे ‘ईनिड’ हे लॅटिन महाकाव्य आपल्या स्कॉट्स भाषेत त्या वर्षीच्या जुलैत उतरवून पुरे केले, आणि लंडनच्या कॅक्स्टनने १४९० मध्ये छापलेल्या गद्य ‘ईनिड’चा व्हर्जिलशी काडीचा संबंध नाही, असा शेराही प्रस्तावनेत मारून ठेवला. पुढे दोनच महिन्यांत फ्लॉडनच्या रणांगणात राजा चौथा जेम्स पडला, डग्लस राजकारणात गुंतला आणि त्याची लेखणी थांबली ती थांबलीच. कामशेतवरून वाहणारी इंद्रायणी ज्या आळंदीला जाते, तेथील समाधिस्थ महापुरुषाने शके १२१२ मध्ये गीता देशीच्या लेण्याने मढविली, हे ज्याच्या बालपणापासून कानी पडलेले आहे, त्याला या धर्माधिकाऱ्याचा स्वभाषेचा अभिमान मुद्दाम समजावून सांगावा लागत नाही.

मौज अशी, की डग्लसच्या लेखणीतून हा उद्गार उमटला तो भटक्या प्रेतात्म्यांच्या संदर्भात, आणि तोही कौतुकाचा नव्हे, तिटकाऱ्याचा. १७९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘टॅम ओ’शॅंटर’ या रॉबर्ट बर्न्सच्या काव्यातही पडक्या देवळात चाललेला चेटकिणींचा नाच टॅमला दिसतो, त्या ठिकाणी हाच शब्द आलेला आहे. किळस, शोक, नवल, अनुकंपा हे सारे भाव तो पूर्वी एकटाच वाहत असे. आपल्या ‘अगं बाई’ची वहिवाट याहून निराळी कुठे आहे? मावळातली म्हातारी मयताची वार्ता ऐकूनही तेच म्हणते आणि सुनेची नवी पैठणी पाहूनही तेच. फरक पडतो तो सुरात, आणि सूर कोणत्याही कोशात नोंदवता येत नाही. आपल्या ‘वाहवा’शी मात्र त्याचे नाते जोडण्याचा मोह आवरावा. ‘वाहवा’ फारसीच्या दरबारातून आपल्याकडे आली, ‘वॉव’ स्कॉटलंडच्या धुक्यातून निघाला.

खरे नाते सापडते ते दुसऱ्याच एका शब्दात. विस्मयाने थक्क करणे या अर्थाचे ‘ॲस्टॉनिश’ हे इंग्रजी क्रियापद लॅटिनमधल्या मेघगर्जनेच्या ‘तोनारे’ या धातूपर्यंत मागे जाते, आणि त्या धातूचे मूळ व आपल्या ‘स्तनित’ या मेघगर्जनेच्या संस्कृत शब्दाचे मूळ एकच. ज्येष्ठाच्या अखेरीस घाटमाथ्यावर पहिला गडगडाट झाला, की मावळातला शेतकरी नांगर धरल्या जागी क्षणभर उभा राहतो. या शब्दाचा अर्थ तेथे डोळ्यांनी पाहायला मिळतो.

१९२० च्या सुमारास अमेरिकन रंगभूमीने ‘वॉव’ला हाताशी धरून यशस्वी खेळाचे नाव करून टाकले, आणि मग तो जगभर सुटला. १५ ऑगस्ट १९७७ रोजी ओहायोतील एका रेडिओ दुर्बिणीने आकाशातून आलेला ७२ सेकंदांचा संकेत टिपला. काही दिवसांनी छापील आकड्यांची भेंडोळी तपासताना जेरी एमन या शास्त्रज्ञाने त्याच्या समासात लाल शाईने हाच एक शब्द लिहिला, आणि त्या संकेताचे नावच तेवढे राहिले.

ज्यांच्या भाषेत हा शब्द प्रथम लिहिला गेला, ती माणसे मात्र स्वतः कौतुकाच्या बाबतीत भलतीच हात राखून खर्च करणारी. गेल्या रविवारी माझ्या वृद्ध शेजाऱ्यांना मी घरून आलेल्या इंद्रायणी तांदळाचा वाफाळता भात आणि आमटी वाढली. त्या चिकट, सुगंधी भाताकडे ते बराच वेळ पाहत राहिले, मग काट्याने एकेक शीत टिपत ताट स्वच्छ केले, ओठ पुसले आणि म्हणाले, “वाईट नाही.” येथे याहून मोठी सनद मिळत नाही, हे मी एव्हाना शिकलो आहे. पातेल्यात उरलेला भात मी न विचारताच त्यांच्या पानात घातला.