दंडाची पावती आणि जमिनीचा हक्क

सरकारी जमिनीवर अतिक्रमण केलं म्हणून दंड होतो. दंड भरला की पावती मिळते. आणि पुढे कधीतरी तीच पावती ‘ही जमीन मी कसत होतो’ याचा पुरावा ठरते! गुन्ह्याचा कागद हक्काचा कागद कसा होतो, हे पाहायचं तर बीड जिल्ह्याच्या गायरानांवर जायला हवं.

गायरान म्हणजे गावच्या गुराढोरांसाठी राखलेली सरकारी जमीन. बालाघाटाच्या भागात ती बहुतेक मुरमाड, दगडगोट्यांची. महार, मांग, भटक्या-विमुक्त समाजांतल्या भूमिहीन कुटुंबांनी दगड वेचले, बांध घातले आणि तिथे बाजरी, तूर पेरली. मराठवाड्यात अशा कित्येक शेतांतल्या उभ्या पिकांत जनावरं घातली गेली, वस्त्यांवर बहिष्कार पडले. तरी पुढच्या पावसाळ्यात पुन्हा पेरणी झाली.

आता कायद्याची गंमत पाहा. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं, म्हणजे १९६६ च्या कायद्याचं, कलम ५० अतिक्रमण हटवण्याचा अधिकार देतं. लगेच पुढचं कलम ५१ तेच नियमित करण्याची वाट ठेवतं. तलाठ्याच्या दप्तरात गाव नमुना १-ई असतो. कोणी, कुठे, किती जमिनीवर अतिक्रमण केलं, त्याची ही नोंदवही. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने भूमिहीन मागासवर्गीयांची १४ एप्रिल १९९० पर्यंतची शेतीसाठीची अतिक्रमणं नियमित करण्याचं ठरलं. मग सगळा प्रश्न येऊन ठेपला तारखेवर: तुम्ही तेव्हा जमीन कसत होता कशावरून? १-ईची नोंद, दंडाची पावती, अगदी पोलिसांत झालेली तक्रारसुद्धा उत्तर देऊ लागली. हुसकावण्यासाठी लिहिलेले कागदच ‘हा माणूस इथे होता’ अशी साक्ष देऊ लागले.

या दोन तारखाही बोलक्या आहेत. १४ एप्रिल ही बाबासाहेबांची जयंती, २८ नोव्हेंबर हा जोतीराव फुल्यांचा स्मृतिदिन. फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ कोणाला अर्पण केला? काळ्या गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना. पुण्यातून पार अटलांटिकपलीकडे त्यांची नजर पोचली होती.

त्या अमेरिकेत मात्र स्वातंत्र्यासोबत जमीन आली नाही. जानेवारी १८६५ मध्ये जनरल शेरमन यांनी दक्षिणेच्या किनारपट्टीवर मुक्त झालेल्या कुटुंबांना प्रत्येकी ४० एकरांपर्यंत जमीन देण्याचा हुकूम काढला. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी ती बहुतेक जमीन जुन्या मालकांना परत केली. शंभर वर्षांनंतर, १९६९ मध्ये, जॉर्जियातल्या काळ्या शेतकऱ्यांनी स्वतःच ‘न्यू कम्युनिटीज’ ही संस्था काढून जवळपास ५,७०० एकर सामायिक जमीन उभी केली. दुष्काळ पडला, सरकारी कर्ज वेळेवर मिळालं नाही आणि १९८५ मध्ये ती जमीन गेली. संस्था मात्र हटली नाही. कर्ज देताना भेदभाव झाला, हे २००९ मध्ये मान्य झालं आणि सुमारे १ कोटी २० लाख डॉलरची भरपाई मिळाली. त्या पैशांतून पुन्हा जमीन घेतली गेली, तीही एका जुन्या गुलाममालकाची!

बीडमध्ये अशी चिवट संस्था उभी केली ॲड. एकनाथ आवाड यांनी. कार्यकर्ते त्यांना ‘जिजा’ म्हणत. दुकडेगावच्या मांगवाड्यात, पोतराजाच्या घरात त्यांचा जन्म. तरुणपणी ते दलित पँथरमध्ये होते. १९७२ मध्ये मुंबईत जन्मलेल्या या संघटनेने आपलं नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतलं होतं. पुढे ग्रामीण विकास केंद्र आणि मानवी हक्क अभियान यांतून जिजांनी गायरानाचा लढा गावोगावी नेला. २०१५ मध्ये ते गेले, पण ते काम त्यांच्यापाशी थांबलेलं नव्हतं. वस्तीतलेच कार्यकर्ते सातबारा वाचायला, तहसीलमध्ये अर्ज रेटायला, अत्याचाराचा गुन्हा नोंदवून घ्यायला शिकले होते.

मला सर्वांत थक्क करते ती ही गोष्ट. एका एकराच्या नोंदीसाठी माणसं वीस-तीस वर्षं तग धरतात. जमिनीचा तुकडा लहान असला तरी घरचं धान्य येतं, आणि उसाच्या फडावर जाण्यासाठी मुकादमाकडून उचल घ्यायची की नाही, हे ठरवायला थोडी जागा मिळते. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गावांच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणं काढायला सांगितली, तेव्हाही सरकारी आदेशाने भूमिहीनांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या जमिनींसारखे अपवाद मोकळे ठेवले. तरी आजही अनेकांचं नाव सातबाऱ्यावर नाही, आणि नावाशिवाय पीककर्ज मिळणं अवघड.

म्हणून अशा संस्थांना मदत करायची तर ती त्यांच्या लढ्याइतकी लांब पल्ल्याची हवी. तीन वर्षांच्या प्रकल्पात सातबारा बदलत नाही. वस्तीतल्या कार्यकर्त्याचं मानधन, वकिलाची फी, मोजणीचा खर्च, तहसीलच्या खेपांचं भाडं हे वर्षानुवर्षं पुरवावं लागतं. आणि तो पैसा कुठे लावायचा, हे जमीन कसणाऱ्यांनीच ठरवावं. कोणत्या शेताचा कागद कोणत्या दप्तरात अडलाय, हे त्यांच्याइतकं दुसऱ्या कुणालाच ठाऊक नसतं.