तोसाला घाई चालत नाही

पुरात वाहणाऱ्या ओंडक्यांचे व्हिडिओ एव्हाना प्रत्येकाने पाहिले आहेत. २०२५ च्या जूनमध्ये बियासवरच्या पंडोह धरणात साचलेले, ऑगस्टमध्ये चंब्याजवळ रावीतून एकमेकांवर आदळत खाली येणारे. ४ सप्टेंबरला तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने त्यांची दखल घेतली, वर डोंगरात बेकायदा तोड झाल्याचं सकृद्दर्शनी दिसतं असं म्हटलं आणि केंद्रासह हिमाचल, उत्तराखंड, जम्मू-काश्मीर व पंजाबला नोटिसा काढल्या. तोडलेलं किती आणि दरडीने उपटलेलं किती, हे यथावकाश बाहेर येईल. तोवर एक भाकीत करायला हरकत नाही. सरकारी उत्तरांत लावलेल्या रोपांचा आकडा असणार, आणि तो मोठा असणार.

तो आकडा अगदी खरा धरला, तरी हिमालयातल्या एका झाडाच्या बाबतीत त्याला फारसा अर्थ नाही. या झाडाचं नाव बातम्यांत दिसत नाही, कारण मैदानातल्या माणसाला डोंगरातलं सुयांचं प्रत्येक झाड देवदारच वाटतं. नारकंड्याहून हाटू शिखराकडे जाताना किंवा गुलमर्गला गोंडोल्यात बसल्यावर आपली सहलीची मंडळी ज्या उंच, काळपट हिरव्या झाडांचे फोटो काढतात, त्यांत देवदार कमीच असतात. ते असतं फरचं झाड. हिमाचलात त्याला तोस म्हणतात, काश्मिरात बुदलू, गढवालात रागा. शास्त्रीय नाव ॲबीज पिंड्रो.

ओळखायला सोपं आहे. देवदाराच्या सुया फांदीवर झुबक्यांनी येतात. तोसाच्या सुया सुट्या, चपट्या आणि लांब, उलटून पाहिलं तर खाली दोन पांढुरके पट्टे. शेजारीच उभी असणारी रई, म्हणजे स्प्रूस, चौधारी सुयांची. तिची शंकूफळं लोंबतात आणि अख्खी खाली पडतात. तोसाची शंकूफळं फांदीवर ताठ उभी राहतात, कोवळी असताना गर्द जांभळी दिसतात आणि पिकली की झाडावरच खवला-खवला सुटून विखुरतात. तोसाखाली शोधूनही अख्खं फळ मिळत नाही ते यामुळे. झाड पन्नास मीटरपर्यंत, कधी त्याहूनही उंच जातं, पण पसरत नाही. फांद्या आखूड आणि खाली झुकलेल्या, त्यामुळे बर्फ साचण्याआधीच घसरून पडतो.

साधारण २३०० ते ३३०० मीटर हा त्याचा पट्टा. खाली देवदार आणि कैल, वर भोजपत्र आणि बुरांश, सोबतीला खरशू नावाचा ओक. उत्तरेकडे तोंड करून असलेले, ऊन कमी लागणारे उतार त्याला मानवतात. माती खोल आणि ओलसर लागते, हिवाळाभर बर्फ लागतो. जुजुराणा हा हिमाचलचा राज्यपक्षी याच जंगलाच्या तळाशी वावरतो. ज्यांना तो पाहायचा असेल त्यांनी कुल्लूकडच्या ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानात नशीब आजमावावं.

आता रावीबद्दल. या नदीतून लाकूड वाहणं नवं नाही. १८६४ साली ब्रिटिश सरकारने चंबा संस्थानाची जंगलं भाडेपट्ट्याने घेतली, आणि तिथला देवदार रावीतूनच खाली पंजाबात जाऊ लागला. रेल्वेला स्लीपर हवे होते. त्या काळात तोस वाचला, कारण एक तर तो उंचावर, आणि दुसरं म्हणजे त्याचं लाकूड पांढरं, हलकं, जमिनीत गाडलं की लवकर कुजणारं. देवदार पिढ्यान् पिढ्या टिकतो. तोसाला ती किंमत नव्हती, आणि हा कमीपणाच त्याच्या पथ्यावर पडला.

ते फार काळ चाललं नाही. विसाव्या शतकात हिमाचल आणि काश्मिरात सफरचंदाच्या बागा वाढत गेल्या आणि बागांना खोकी लागू लागली. हलकं, वास नसलेलं, खिळा सहज घेणारं लाकूड खोक्याला हवंच असतं. क्रॉफर्ड मार्केटात आणि नंतर वाशीच्या बाजार समितीत सफरचंदाची जी ‘देवदारी’ खोकी उतरायची, त्यांतली कित्येक तोसाची आणि रईची होती. आपण सफरचंद खाल्लं, खोकं बंबात घातलं. पुढे हिमाचलने बागायतदारांना पुठ्ठ्याच्या पेट्यांकडे वळवलं, काश्मीर पॉप्लरच्या लाकडाकडे गेलं, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या गोदावर्मन खटल्यातल्या आदेशाने हिरव्या झाडांच्या तोडीवर मोठा लगाम आला. हे सगळं चांगलंच झालं. पण बंदीने म्हातारी झाडं वाचतात. पोरं जन्माला घालणं बंदीला जमत नाही, आणि तोसाचं दुखणं नेमकं तिथे आहे.

इथे रॉबर्ट स्कॉट ट्रूप या माणसापाशी मी जरा रेंगाळणार आहे. वनखात्यात तो आधी ब्रह्मदेशात होता, मग डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत, आणि १९२० पासून ऑक्सफर्डमध्ये वनशास्त्राचा प्राध्यापक. १९२१ मध्ये भारतीय वृक्षांच्या संगोपनावरचे त्याचे तीन जाडजूड खंड निघाले. साम्राज्याला लाकूड पुरवणं हा त्याच्या नोकरीचा हेतू, हे विसरायचं कारण नाही. पण खंड वाचताना दिसतो तो रोपांनी झपाटलेला माणूस. एकेका जातीचं बी कसं फुटतं, पहिली पानं कशी येतात, मूळ कुठवर जातं, सावली कधी हवी आणि कधी नको, हे तो चित्रांसकट सांगतो. झाड मोठं झाल्यावर त्याचं कौतुक कोणीही करेल. त्याचं पहिलं वर्ष इतक्या निगुतीने पाहणारे वनाधिकारी तेव्हाही थोडे होते, आज तर फारच थोडे आहेत.

ट्रूप आणि त्याच्या पिढीच्या वनाधिकाऱ्यांपुढे तोसाने एक कोडं टाकलं होतं. जुनी तोसबनं भव्य, पण खाली पोरवडा नाही. बी दर वर्षी सारखं येत नाही. एखाद्या वर्षी भरपूर, मग काही वर्षं तुटपुंजं, आणि त्यातलं पुष्कळसं पोकळ. ज्या वर्षी चांगलं येतं, त्या वर्षी बर्फ वितळताच ते रुजतंही. पण जुन्या तोसाखाली सुयांचा आणि अर्धवट कुजलेल्या पाल्याचा जाड थर असतो. थंडीमुळे तो वर्षानुवर्षं पुरता कुजत नाही. त्या थरात रुजलेल्या रोपाचं मूळ खालच्या खऱ्या मातीला पोहोचायच्या आत मे-जूनचं ऊन लागतं, वरचा थर कोरडा पडतो आणि रोप मरतं. याउलट पायवाटेच्या कडेला, जिथे माती उघडी पडलेली असते, तिथे रोपं टिकतात. म्हणजे हवं ते इतकंच: उघडी माती, वर सावली, खाली ओल. ऐकायला सोपं वाटतं, पण तिन्ही एका जागी, एकाच वेळी आणि बी आलेल्या वर्षीच जुळून यावं लागतं.

वनखात्याने उपाय शोधला. मोठी झाडं विरळ करायची, काही बियांसाठी राखायची, खाली रोपं उभी राहिली की राखलेलीही काढायची. युरोपात ही रीत चालली होती. हिमालयात मात्र छत मोकळं होताच उजेडाबरोबर तण आलं, त्यातही स्ट्रोबिलँथिस, म्हणजे आपल्या कारवीच्या कुळातलं झुडूप. कारवीसारखीच त्याचीही जात कैक वर्षांनी एकदम फुलणारी आणि मधल्या काळात जमीन व्यापून बसणारी. सह्याद्रीतल्या कारवीच्या रानातून ज्याने वाट काढली असेल, त्याला बोटभर तोसाचं तिथे काय होत असेल हे सांगायला नको. कित्येक ठिकाणी तोस तोडला गेला आणि त्याच्या जागी तोस आला नाही.

हा प्रश्न इतका चिवट निघाला की १९७७ साली शिमल्यात एक संशोधन केंद्रच त्यासाठी काढावं लागलं. उंचावरच्या सूचिपर्णी झाडांना, मुख्यतः तोस आणि रईला, नवी पिढी का येत नाही हे शोधणं हे त्याचं काम. आजची हिमालयन वन संशोधन संस्था ती हीच. एका झाडाला पोरं होत नाहीत म्हणून सरकारने संस्था काढावी, हे मला आपल्या वनखात्याच्या इतिहासातलं फार शहाणं पाऊल वाटतं.

रोपवाटिकेत तोस वाढवता येतो, पण त्याच्या अटी तोच ठरवतो. शंकूफळं फुटायच्या आत, काही आठवड्यांच्या मुदतीत, उंच झाडावर चढून ती उतरवावी लागतात. बी फार काळ टिकत नाही. रुजण्याआधी त्याला ओली थंडी द्यावी लागते. वाफ्यावर सावली हवी. मातीत जुन्या तोसबनातली माती मिसळली तर बरं, कारण मुळांशी जोडून राहणाऱ्या बुरशा तिच्यातूनच येतात. एवढं करून पहिल्या वर्षी रोप बोटभर होतं. पारंपरिक पद्धतीने ते लावण्याजोगं व्हायला चार-पाच वर्षं जातात, आणि लावल्यावरही बरीच वर्षं ते तणाच्या खालीच असतं. दर पावसाळ्यात तण काढायला कोणीतरी तीन हजार मीटरवर चढायला हवं.

हे आपल्या वृक्षलागवडीच्या वहीत कुठे बसवायचं? पावसाळ्यात खड्डे, मार्चअखेर खर्च, पुढच्या वर्षी नवा आकडा. पाच वर्षं वाफ्यात बसणारं रोप या हिशेबात तोट्याचं. म्हणून लावलं जातं ते झटपट वाढणारं काहीतरी, खालच्या उंचीवर, रस्त्यापासून जवळ. हिमाचलच्या कांगडा जिल्ह्यातल्या कित्येक दशकांच्या लागवडीचा अभ्यास २०२१ मध्ये ‘नेचर सस्टेनेबिलिटी’त आला. लागवडीमुळे झाडांच्या छत्रात म्हणण्यासारखी वाढ झाल्याचा पुरावा त्यात मिळाला नाही. कांगड्याची लागवड बहुतांशी तोसाच्या पट्ट्याखालची, म्हणजे त्या मानाने सोपी. सोप्या जागी ही गत, तर अवघड जागी काय?

उलट बाजूही सांगायला हवी. तोसबन शाबूत असतं तर पूर आलेच नसते, असं म्हणणाऱ्यांचा उत्साह मला पटत नाही. ढगफुटीत उतारच सुटला की त्याच्यासोबत तीनशे वर्षांचं झाडही खाली येतं.

महाराष्ट्रात तोसाच्या गोतावळ्याशी आपली ओळख आहे, ती खोकल्याच्या निमित्ताने. तालीसादी चूर्णातलं तालीसपत्र म्हणजे फरच्या वाळलेल्या सुया. आयुर्वेदाच्या अधिकृत औषधकोशात त्यासाठी ॲबीज वेबियाना हे नाव आहे. ती तोसाची भावकी, थोडी अधिक उंचीवर राहणारी. मिरी, सुंठ, पिंपळी, वंशलोचन, वेलदोडा, दालचिनी आणि खडीसाखरेबरोबर ती आजीच्या डबीत पोहोचली. बाजारात मात्र तालीसपत्र म्हणून थुनेरची पानंही खपवली जातात. थुनेर ही निराळीच जात, पानांनी विषारी आणि संख्येने धोक्यात आलेली. चूर्ण विश्वासाच्या दुकानातून घ्यावं, इतकंच.

हवामानाचं संकट तोसापर्यंत येतं ते बर्फातून. बर्फ कमी पडला किंवा लवकर वितळला, तर रुजलेल्या रोपाला माती गाठायला मिळणारी ओली मुदत आणखी आखडते. सफरचंदाच्या बागा कुल्लूच्या खालच्या भागातून किन्नौर-लाहौलकडे सरकल्याच आहेत. तिथे निदान बागायतदार कलम उचलून वर नेतो. तोसाला वर जायचं तर बी वाऱ्याने जायला हवं, आणि वरची जागा मोकळी नाही. तिथे कुरणं आहेत, गद्दी मेंढपाळांची.

वनखातं म्हणतं, तोसाची रोपं वाचवायची तर बनं काही वर्षं कुंपण घालून चराईला बंद करा. गद्दी म्हणतात, आमच्या मेंढ्या पिढ्यान् पिढ्या याच वाटेने गेल्या आणि तोस तेव्हाही होताच. मला गद्द्यांचं म्हणणं अर्धं पटतं. खुरांनी पाल्याचा थर फुटला तर माती उघडी पडते, आणि ती तोसाला हवीच असते. पण तेच खूर पुढच्या उन्हाळ्यात त्याच जागी आले तर कोवळं रोप उरत नाही. तेव्हा कुठलं बन कधी बंद ठेवायचं आणि कधी उघडायचं, हे बी आलेलं वर्ष पाहून ठरवायला हवं. ते वर्ष आधी लक्षात येतं वाटेवरच्या गद्द्याला आणि गावच्या वनरक्षकाला. कुंपणाचे आदेश मात्र दोघांनाही न विचारता, पाच-पाच वर्षांचे, कार्यालयातून निघतात.