आवाज येऊन राहिला का?

नागपूरच्या कुठल्याही सभेत वक्ता आधी हेच विचारतो, आणि सोबत माईकवर दोन टिचक्या किंवा एक दणदणीत फुंकर. टिचकीने माईक चालू आहे एवढंच कळतं. फुंकरीने आत ओलावा जातो, काही नाजूक माईकचा पडदाही बिघडतो. तपासायचंच असेल तर भाषणातलं एखादं वाक्य भाषणाच्याच आवाजात बोलावं.

‘माझा आवाज मोठा, मला माईक कशाला?’ असं म्हणणारे अजून आहेत. १९२० साली नागपुरात काँग्रेसचं अधिवेशन भरलं तेव्हा प्रतिनिधीच १४ हजारांवर होते, आणि काँग्रेसच्या मंडपात लाउडस्पीकर यायला अजून काही वर्षं होती. तेव्हा इलाज नव्हता, आज आहे. ओरडलं की स्वर फुगतात, व्यंजनं मागे पडतात. मागच्या रांगेला गलका ऐकू येतो, शब्द नाही.

सगळ्यात महागात पडणारा समज म्हणजे माईक छातीशी धरला तरी साउंडवाला सांभाळून घेईल. तोंडापासूनचं अंतर दुप्पट झालं की माईकपर्यंत पोचणारा आवाज साधारण ६ डेसिबलने घटतो. मग साउंडवाला बटण वाढवतो, स्पीकरमधला आवाज पुन्हा माईकमध्ये शिरतो आणि ती कानात घुसणारी शिट्टी सुरू होते. शिव्या मात्र त्या बिचाऱ्यालाच! अशा वेळी वक्ता घाबरून माईकची जाळी मुठीत दाबतो. यासारखी चूक नाही. हातातला नेहमीचा माईक समोरचं ऐकण्यासाठी आणि मागचं टाळण्यासाठी बनवलेला असतो; मूठ आवळली की त्याची ही निवड संपते आणि शिट्टी वाढते. माईक दांड्याला धरा, तोंडापासून तीन-चार बोटांवर. मान वळली की माईकही वळू द्या, आणि त्याचं तोंड स्पीकरच्या खोक्याकडे करू नका.

ओठांना चिकटवणंही बरं नाही. आपल्या भाषेत भ, फ, ख पावलोपावली येतात. ‘बंधू-भगिनींनो’ म्हणतानाच हवेचा धक्का बसून ‘भप्प’ होतं. माईक ओठांच्या किंचित बाजूला धरला की हे टळतं. पोडियमवरच्या बारीक मानेच्या माईकला मात्र वीतभर अंतर पुरतं, त्याच्यावर ओणवं व्हायची गरज नाही.

दुपारी रिकाम्या सभागृहात आवाज तपासला म्हणजे काम झालं, असंही नाही. रेशीमबागेतलं सुरेश भट सभागृह भरलं की माणसं आणि त्यांचे कपडे आवाज शोषतात, शिवाय कुजबुज वाढते. कस्तुरचंद पार्कसारख्या मैदानात तर १७० मीटरवरच्या माणसाला मंचाजवळच्या स्पीकरचा आवाज अर्धा सेकंद उशिरा पोचतो. तिथे वाक्य संपलं की थांबावं.

राहिला वेळ. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद. सरकारने सूट दिलेले मोजके दिवस सोडून. तेव्हा शेवटच्या वक्त्याने आधी घड्याळ बघावं, मग माईक हाती घ्यावा.