पोरांना महाराष्ट्र शिकवायचा, तर सुरुवात आपल्या शिवारापासून

सातारा : तिसरी-चौथीतल्या मुलाला महाराष्ट्राची राजधानी विचारली, तर मुंबई हे उत्तर झटकन येतं. राज्य कधी स्थापन झालं, तर १ मे १९६०. पण आपल्या गावचा ओढा कोणत्या नदीला मिळतो आणि ती नदी पुढं कुठं जाते, असं विचारलं की पोरगं आईकडं बघतं. पुष्कळदा आईही गप्प बसते.

इतिहास-भूगोल म्हणजे पाठ करायचा विषय, अशी समजूत घरोघरी झाली आहे. शिष्यवृत्ती आणि नवोदयच्या परीक्षेत सगळा भर भाषा, गणित आणि बुद्धिमत्ता चाचणीवर असतो. त्यामुळं परिसर अभ्यासाचं पुस्तक दप्तराच्या तळाला जातं. पुढं दहा-बारा वर्षांनी हेच पोर पोलीस भरती, तलाठी भरती नाहीतर एमपीएससीच्या मागं लागतं. तेव्हा महाराष्ट्राच्या नद्या, डोंगर, समाजसुधारक हे सगळं क्लासची फी भरून पहिल्यापासून घोकावं लागतं. लहानपणी समजून घेतलं असतं, तर एवढी पळापळ झाली नसती.

बालभारतीनं तिसरीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक जिल्हावार वेगळं काढलं, त्यामागं कारण आहे. लहान मुलाला आधी घर, मग गाव, तालुका, जिल्हा आणि मग राज्य, या क्रमानं समजतं. ३६ जिल्हे आणि ३५८ तालुक्यांचं राज्य एकदम डोक्यात मावत नाही. एक जिल्हा नीट कळला, तर बाकीचे समजून घ्यायची रीत कळते. सातारा जिल्हा तर यासाठी फार सोयीचा आहे.

पाण्यापासून सुरुवात

महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलीमीटरहून जास्त पाऊस पडतो. माण तालुक्यात तो पाचशेच्या आसपास, कित्येक वर्षी त्याहूनही कमी. दोन्ही ठिकाणं एकाच जिल्ह्यात. महाबळेश्वर ते दहिवडी सरळ रेषेत मोजलं, तर अंतर शंभर किलोमीटरच्या आत आहे. असं का, हा प्रश्न मुलाला नक्की पडतो.

उत्तर चुलीवर दाखवता येतं. भात शिजताना झाकणाला वाफ लागते, गार होते आणि थेंब पडतात. अरबी समुद्रावरून आलेले ढगाळ वारे सह्याद्रीला अडतात, वर चढतात, गार होतात आणि घाटमाथ्यावर पाणी ओततात. डोंगर ओलांडून पूर्वेला उतरेपर्यंत त्यांच्यात फारसं पाणी उरत नाही. म्हणून माण, खटाव, फलटण हा भाग पर्जन्यछायेत येतो. हीच गोष्ट पुढं पुणे, अहिल्यानगर, सोलापूरलाही लागू पडते. एक जिल्हा समजला की अर्ध्या महाराष्ट्राचा दुष्काळ समजतो तो असा.

नद्यांचंही तसंच. जुन्या महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात कृष्णा, कोयना, वेण्णा, गायत्री आणि सावित्री या पाच नद्यांचा उगम मानतात. वेण्णा माहुलीला कृष्णेला मिळते, कोयना कराडच्या प्रीतिसंगमावर मिळते. कृष्णा सुमारे १४०० किलोमीटर वाहून बंगालच्या उपसागराला जाते. सावित्री मात्र पश्चिमेला कोकणात उतरून अरबी समुद्राला मिळते. डोंगर एकच, पण पाणी दोन समुद्रांना.

शंभू महादेवाच्या डोंगररांगेचं पाणीही असंच वाटलं जातं. माणगंगा भीमेला मिळते, येरळा कृष्णेला. आपल्या घराच्या पागोळ्यांचं पाणी यातल्या कोणत्या नदीत जातं, एवढं जरी मुलानं शोधून काढलं, तरी खोरं म्हणजे काय ते आयुष्यभर विसरणार नाही.

कोयना धरण सुमारे १०५ टीएमसीचं. त्यातलं बरंच पाणी वीज तयार करायला सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला पोफळीकडं जातं आणि वाशिष्ठी नदीतून समुद्राला मिळतं. दुसरीकडं माण-खटावला पाणी यावं म्हणून उरमोडी आणि जिहे-कठापूरसारख्या योजनांतून ते पंपानं उचलावं लागतं. पाण्यावरून गावागावांत, तालुक्यातालुक्यांत जी भांडणं चालतात, ती समजायची तर हा भूगोल आधी कळायला हवा. आजची पोरं उद्या ग्रामसभेत बसणार आहेत.

इतिहासाला जागा दाखवा

चौथीत शिवछत्रपतींचा इतिहास असतो. १० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखानाची भेट झाली, हे प्रत्येक पोराला येतं. पण भेट तिथंच का ठरली? जावळीचं दाट रान, अरुंद वाटा, उभे कडे. अशा ठिकाणी मोठी फौज, तोफा, हत्ती यांचा उपयोग होत नाही. महाराजांनी १६५६ ला जावळी घेतली, त्याचं मोल इथं कळतं. नकाशा पुढं ठेवून हा धडा वाचला, तर ती नुसती शौर्याची गोष्ट राहत नाही. राजानं जमीन किती ओळखली होती, हेही दिसतं.

जवळच्या जागा आणखी कितीतरी आहेत. खंडाळा तालुक्यातल्या नायगावात ३ जानेवारी १८३१ ला सावित्रीबाई फुले जन्मल्या. जोतीराव फुल्यांचं मूळ गाव खटाव तालुक्यातलं कटगुण. ७ नोव्हेंबर १९०० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव साताऱ्याच्या शाळेत दाखल झालं. तो दिवस राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली ती कराड तालुक्यातल्या काले गावात. शिक्षणाचा इतिहास शिकायला साताऱ्याच्या पोराला लांब जायला नको.

मुलं एका ठिकाणी हमखास गोंधळतात. क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार साताऱ्याचं, असं पुस्तकात वाचायचं आणि त्यातली कित्येक गावं आज सांगली जिल्ह्यात दिसतात. सांगली तेव्हा वेगळा जिल्हा नव्हता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० ला त्याचं नाव सांगली पडलं. नकाशावरच्या रेषा माणसं ओढतात आणि त्या बदलतात. १९६० ला राज्यात २६ जिल्हे होते, आज ३६ आहेत.

सुतळी आणि किल्ला

साल लहान मुलाच्या डोक्यात राहत नाही, पण लांबी राहते. चार मीटर सुतळी घ्या. एक मीटर म्हणजे शंभर वर्षं, म्हणजे एक सेंटिमीटरला एक वर्ष. एका टोकाला आजचा दिवस. मुलाचा जन्म आठ-नऊ सेंटिमीटरवर येतो, आजोबांचा सत्तरच्या जवळपास. महाराष्ट्र राज्याची गाठ आजोबांच्या गाठीजवळच पडते. सावित्रीबाईंचा जन्म दोन मीटरच्या थोडा अलीकडं. १६७४ चा राज्याभिषेक साडेतीन मीटरवर. घरात सुतळी टांगून ठेवली आणि नवीन काही शिकलं की गाठ मारली, की वर्षाच्या शेवटी सगळा इतिहास भिंतीवर दिसतो.

दिवाळीतला किल्लाही असाच कामाला येतो. पोरं चिखल कालवतातच. या वेळी मनातला किल्ला न करता प्रतापगड, अजिंक्यतारा नाहीतर आपल्या जवळचा वर्धनगड करायला सांगा. पाणी कुठं साठवायचे, दरवाजा कोणत्या बाजूला, बुरुजावरून कोणती वाट दिसते, हे आधी बघून ये म्हणावं. जमलं तर गडावर घेऊन जा. भूगोल हाताला लागतो तो असा.

आजी-आजोबांचं पुस्तक

सर्वात महत्त्वाचं आणि घाईचं काम हेच आहे. इतिहासाची साधनं तीन प्रकारची, लिखित, भौतिक आणि मौखिक, असं शाळेत शिकवतात. यातलं मौखिक साधन ओसरीवर बसलेलं असतं आणि ते कायम राहत नाही.

१९७२ चा दुष्काळ ज्यांनी कळत्या वयात पाहिला, ती माणसं आज साठी-सत्तरीच्या पुढं आहेत. खडी फोडायला कोण गेलं, सुकडी कशी लागायची, मिलोची भाकरी कशी होती, गावातला कोणता तलाव तेव्हाच्या कामावर झाला, हे त्यांना माहीत आहे. पाटण, कराडकडं ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपाची रात्र आठवणारी माणसं आहेत. ही माणसं गेली की हे सगळं त्यांच्याबरोबर जाणार. मोबाईलवर रेकॉर्डिंगचं बटण दाबायला पैसे लागत नाहीत. मुलानं प्रश्न विचारायचे, आजीनं बोलायचं, मोठ्यांनी मध्ये बोलायचं नाही.

मोबाईलवर काय बघावं

ई-बालभारतीच्या साइटवर पाठ्यपुस्तकं फुकट मिळतात. महाभूनकाशावर गावाचा नकाशा आणि आपला गट दिसतो. सातबाऱ्यावर जिल्हा, तालुका, गाव, क्षेत्र हे सगळं असतंच, तो मुलाला वाचायला द्या. मोबाईलच्या नकाशात उपग्रहाचं चित्र लावलं, की ओढा धरून नदीपर्यंत बोटानं जाता येतं.

व्हॉट्सॲपवर फिरणारा इतिहास मात्र जपून घ्यावा. कुठल्या तरी किल्ल्याचा फोटो आणि खाली भलतंच नाव, असे मेसेज रोज येतात. हे कशावरून, हा प्रश्न विचारायची सवय मुलाला लावा. मराठी विश्वकोश आणि राज्य शासनाची गॅझेटिअर इंटरनेटवर आहेत, तिथं पडताळून बघता येतं.

या महिन्यात विचारायचे पाच प्रश्न

१. आपल्या ओढ्याचं पाणी शेवटी कोणत्या समुद्राला जातं?

२. गावाला हे नाव कशावरून पडलं? कोण काय सांगतं?

३. गावातली सर्वात जुनी वस्तू कोणती? वीरगळ, बारव, देऊळ की वाडा? ती जुनी आहे हे कशावरून?

४. आजोबांच्या लहानपणी शेतात कोणती पिकं होती, आज कोणती आहेत? का बदलली?

५. आपल्या तालुक्याच्या चारही बाजूंना कोणते तालुके आहेत?

उत्तरं वहीत लिहून मुलानं शाळेत न्यावीत. गुरुजी, बाईंना एका तासात वर्गातल्या सगळ्या गावांचा, वस्त्यांचा इतिहास जमा करता येणार नाही, पण तीस पोरांनी एकेक पान आणलं तर गावाचं पुस्तक तयार होतं. वीरगळ मंदिराच्या पायरीला लागण्याआधी आणि बारव बुजण्याआधी ते झालं, तर त्याचा उपयोग पोरांएवढाच गावालाही आहे.