गिऱ्हाईकाला घासाघीस कोणी शिकवली? मीच!



भवानीच्या वेळी गिऱ्हाईक रिकाम्या हाती परत पाठवायचं नाही, हे दुकानदाराच्या घरात लहानपणापासून कानावर पडतं. माझ्याही पडलं होतं. आमचं रेडीमेड कपड्यांचं दुकान, तालुक्याच्या गावात. सकाळी दहाला शटर वर गेलं की पहिल्या गिऱ्हाईकाला चाळीस-पन्नास रुपये सोडायचे, पहिली नोट कपाळाला लावून गल्ल्यात टाकायची आणि दिवस सुरू करायचा.

वर्ष-दीड वर्षानं एक गोष्ट लक्षात आली. काही काकू बरोबर दहाच्या ठोक्याला येतात. दुपारी नाही, संध्याकाळी तर नाहीच. आणि वस्तू हातात घेऊन पहिलं वाक्य काय? "भवानीची वेळ आहे, बघा काय ते."

हे त्यांना कोणी शिकवलं? मीच शिकवलं. पगार न घेता, उलट दर वेळी पन्नास रुपये खिशातून घालून.

बीबीएला आम्हाला 'लर्निंग' नावाचं एक प्रकरण होतं. पाव्हलॉवचा कुत्रा, स्किनरचा उंदीर, दहा मार्कांचं उत्तर. परीक्षा झाली, विसरलो. दुकानात मार्जिन गळायला लागलं तेव्हा ते प्रकरण पुन्हा काढून वाचलं. म्हटलं, अरे, हे तर माझ्या काउंटरवर रोज चाललंय!

सुरुवात मांजरापासून करू. एडवर्ड थॉर्नडाइक नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १८९८ मध्ये आपले प्रयोग छापले. भुकेलं मांजर लाकडी खोक्यात बंद करायचं आणि खाणं बाहेर ठेवायचं. आत एखादी दोरी ओढली किंवा पट्टी दाबली की दार उघडणार. मांजर आधी ओरबाडतं, चावतं, सगळीकडे पंजे मारतं. त्यात कधीतरी चुकून पंजा बरोबर जागी लागतो आणि दार उघडतं. पुन्हा आत टाकलं की थोडा कमी वेळ लागतो, पुढच्या वेळी आणखी कमी. शेवटी मांजर आत गेल्या गेल्या दोरीच ओढतं. थॉर्नडाइकचं म्हणणं सोपं आहे: ज्या वागण्यानंतर चांगलं घडतं ते वागणं पक्कं होतं, बाकीचं गळून पडतं.

म्हणजे शिकणं हे सांगण्यावर कमी आणि नंतर काय घडतं त्यावर जास्त अवलंबून असतं. मी काकूंना तोंडानं काय सांगत होतो? "काकू, एकच भाव आहे, परवडत नाही हो." हातानं काय करत होतो? पन्नास रुपये सोडत होतो. काकू शिकल्या हातापासून.

पुढचा भाग मला सगळ्यात जास्त आवडतो, कारण तो स्टॉक संपण्याचा किस्सा आहे. बी. एफ. स्किनर हार्वर्डमध्ये उंदरांवर काम करत होता. उंदरानं दांडी दाबली की खाण्याची एक गोळी पडायची. या गोळ्या तेव्हा तयार मिळत नव्हत्या, स्किनर त्या स्वतः एका छोट्या मशीनवर पाडायचा. एका शनिवारी दुपारी त्यानं हिशेब केला: आता बसून गोळ्या पाडल्या नाहीत तर सोमवारी सकाळीच माल संपणार. (शनिवारी माल मोजणारा माणूस मला लगेच आपला वाटला.) मग त्यानं ठरवलं की प्रत्येक वेळी गोळी द्यायचीच नाही, मिनिटाला फार तर एक. त्याला वाटलं असेल उंदीर दांडी सोडून देतील. तसं झालं नाही. उंदीर दाबतच राहिले.

पुढे स्किनरनं चार्ल्स फर्स्टर या सहकाऱ्याबरोबर कबुतरांवर वर्षानुवर्षं हेच तपासलं आणि १९५७ मध्ये त्याचं जाडजूड पुस्तक आलं. आपल्या कामाची गोष्ट एवढीच: बक्षीस प्रत्येक वेळी मिळत असेल आणि मग बंद झालं, तर जनावर ते काम तुलनेनं लवकर सोडतं. पण बक्षीस कधी तिसऱ्या वेळी, कधी दहाव्या वेळी, असं बेभरवशाचं मिळत असेल, तर जनावर जोरात काम करतं आणि बक्षीस बंद झाल्यावरही फार काळ थांबत नाही. जुगाराची मशीनं याच तत्त्वावर चालतात.

आता माझं दुकान बघा. भवानीला सोडायचे, हे तरी ठरलेलं होतं. दिवसभर मात्र मूडवर. गर्दी असेल तर नाही, धंदा मंदा असेल तर हो. ओळखीचं असेल तर वीस, पिशवी उचलून निघायला लागलं तर पन्नास. मला वाटायचं, मी प्रत्येक वेळी थोडीच सोडतो, म्हणजे मी कडक आहे. उलटं होतं. कधी हो आणि कधी नाही, हीच तर सवय पक्की करायची रीत!

आणि मीही शिकत होतोच की. गिऱ्हाईक दाराकडे वळलं की पोटात गोळा यायचा. "बरं घ्या" म्हटलं की ते परत फिरायचं आणि गोळा जायचा. सुटका हेही बक्षीसच. त्यांनी मला शिकवलं, मी त्यांना शिकवलं आणि भुर्दंड माझ्या मार्जिनला.

किती भुर्दंड, ते मांडून दाखवतो. शर्ट ६०० ला विकतो, मला ४५० ला पडतो. वरचे १५०. त्यातून भाडं, लाइट बिल, पोराचा पगार असा हिशेब लावला तर साधारण ९० जातात. उरले ६०. त्यातले ५० सोडले की हातात १० रुपये. गिऱ्हाईकाला आठ टक्के सूट, मला पाचशेव्हा भाग नाही, नफ्याचा सहातला पाचवा हिस्सा... थांबा, मीच गोंधळलो. सरळ सांगतो: सहा रुपये मिळणार तिथे एकच मिळाला.

मग एका दिवाळीनंतर मी बोर्ड लावला, 'भाव एकच'. वाटलं, झालं काम. पहिले तीन आठवडे आधीपेक्षा जास्त घासाघीस! तेव्हा मला वाटलं बोर्डच चुकला. पण मिळणारं बक्षीस अचानक बंद झालं की आधी ते वागणं थोडा वेळ वाढतं, मग कमी होतं, हे प्राण्यांमध्येही दिसतं. लिफ्ट आली नाही की आपण बटण चार वेळा दाबतो ना, तसं. राग येतो तोही याच वेळी. १९६६ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात, दाणे मिळणं बंद झाल्यावर कबुतरांनी जवळच्या दुसऱ्या कबुतरावर हल्ला केला होता.

माझं कबूतर म्हणजे एक जुन्या मावशी. (मावशी, वाचत असाल तर माफ करा.) दुसऱ्या आठवड्यात त्यांनी ड्रेस काउंटरवर आपटला. "दहा वर्षं येतोय आम्ही तुझ्या वडिलांपासून!" दुकानात चार माणसं बघत होती. मी घाबरलो आणि ८० रुपये सोडले.

विचार करा मी काय शिकवलं. आधी नुसतं मागितलं तर पन्नास मिळायचे. आता ओरडलं तर ऐंशी. त्यापेक्षा बोर्ड लावला नसता तर बरं झालं असतं.

आणि हे बघणारा आणखी एक जण होता, माझा काउंटरवरचा पोरगा. १९६१ मध्ये अल्बर्ट बांडुरानं स्टॅनफर्डमध्ये लहान मुलांवर एक प्रयोग केला. मोठं माणूस हवेच्या बाहुल्याला बडवताना ज्या मुलांनी पाहिलं, त्यांनी नंतर स्वतःही तसंच बडवलं. कोणी शिकवलं नव्हतं, नुसतं पाहिलं होतं. माझ्या पोरानंही पाहिलं. मी बँकेत गेलो की तोही सोडायला लागला. मला कळल्यावर मी सगळ्यांसमोर ओरडलो. त्यातून तो काय शिकला? सूट द्यायची थांबला नाही, बिलात लिहायची थांबला. महिनाअखेर माल आणि गल्ला जुळेना तेव्हा कळलं. चूक सांगितली की ओरडा आणि लपवली की शांतता, असा भाव मीच लावला होता.

दुसऱ्यांदा तयारी करून उतरलो. आधी टॅग बदलले, ६०० चा शर्ट ५८० केला. पंधरा दिवस आधीपासून प्रत्येकाला बिल देताना सांगितलं, "एक तारखेपासून कमी होणार नाही, म्हणून आधीच टॅग कमी केलेत." कबुतराला हे सांगता येत नाही, माणसाला येतं, आणि कारण सांगितलं की माणूस लवकर बदलतो. फक्त तुमचं बोलणं आणि हात एकच पाहिजेत. तीन कपड्यांवर पाच टक्के, सगळ्यांना, बिलात छापून. अल्टर फुकट. भवानीच्या गिऱ्हाईकाला पिशवीत एक रुमाल, न मागता. मागून मिळणारं सगळं बंद, न मागता मिळणारं थोडं सुरू. पोरगा स्वतःहून चूक सांगायला आला तर तिथल्या तिथे हिशेब दुरुस्त करायचा, ओरडायचं नाही, हे मला स्वतःला शिकायला जास्त वेळ लागला.

लकी ड्रॉ, स्क्रॅच कार्ड असले प्रकार मी करत नाही. चालतात ते, मान्य. पण लोकांना मशीनसमोर बसवल्यासारखं वाटतं मला.

बदल बसायला चार महिने लागले. तीन घरं समोरच्या दुकानात गेली, ती परत आलेली नाहीत. मावशी मात्र येतात. अजून एकदा विचारतातच, मग स्वतःच हसतात आणि पैसे काढतात.

आणि मी? गेल्या महिन्यात लग्नाची १४,००० ची खरेदी झाली, मुलीचे वडील हात जोडून म्हणाले, "दोनशे तरी." दिले. दोनच दिवसांत त्यांचे मेहुणे दुकानात. आल्या आल्या म्हणाले, "भाऊजींना दिले तसे आम्हालाही सोडा."

पुढच्या व्हिडिओत उधारीवर बोलू, तिथेही हाच खेळ आहे. तोपर्यंत एक काम करा. आठवडाभर गल्ल्याजवळ वही ठेवा. जेव्हा जेव्हा ठरलेल्यापेक्षा काही सोडाल, तेव्हा किती सोडलं ते नंतर लिहा. आधी लिहा, समोरच्यानं त्याआधी नेमकं काय केलं होतं.